रेशमी रुमालावर खापऱ्याची स्वारी

स्वस्तिश्री. राज्ये येतात आणि विरतात, राजाच्या नावाचे कापड तेवढे मागे राहते, आणि त्यास कीड लागते. ती कीड उदगिरी कैसी जेर जाहली, हे जाणत्यांस कळावे म्हणून ही हकीकत लिहिली.

उदगीर कसब्यात लहानसे वस्तुसंग्रहालय. तेथील किल्लेदार शिवकन्याबाई, रसायनशास्त्रात पारंगत, बोलणे मोजके. खजिन्यात अव्वल ऐवज दोनच: निजाम सरकारच्या रौप्यमहोत्सवाचा रेशमी रुमाल, वरी हुजुरांची छबी, आणि त्याच जलशासाठी ओवलेला मण्यांचा बटवा. दोन्ही वस्तू वृद्ध गंगम्मांच्या सासूबाईंची मिरास. गंगम्मांनी ती संग्रहालयास बहाल केली, मात्र दर बाजारच्या दिवशी त्या जातीने हजर होत आणि काच उघडवीत. आणि सासूच्या वस्तूस रिकाम्या हाताने भेटणे त्यांच्या घरची रीत नव्हे, सबब ओटीचे मूठभर तांदूळ सोबत असत. बाईंनी मना केले. मग बाई वळल्या की पदराखालून मूठ काचेआत सुटे.

त्या तांदळातून खापरा नामे केसाळ गनीम, धान्यातली अळी, उतरला, आणि रसद फस्त करून रुमालावर चालून आला, आणि हुजुरांची उजवी मिशी अर्धी कुरतडली. मग बाईंस पेच पडला. न मारावा तर रुमाल जातो, आणि कारण सांगावे तर गंगम्मा रुसून सारा ऐवज माघारी नेतात.

मग मसलत जाहली. धुरी रेशमास बाधते, उन्हाने रंग उडतो, सबब गनीम गोठवून मारावा. जवळ मोठा फ्रीझर एकच, संगमेश आईस्क्रीमवाल्याचा. मग रुमाल प्लास्टिकात हवाबंद होऊन, पिस्ता आणि सीताफळ या दोन सरदारांचे मधोमध, हुजूर स्थानापन्न झाले. बटव्याच्या काचमण्यांस ती थंडी सोसणार नाही, म्हणून बाईंनी भिंगाखाली मऊ कुंचल्याने एकेक अळी कैद केली.

इतक्यात बाजारचा दिवस आला. गंगम्मांनी रुमाल कोठे म्हणून पुसिले. बाईंस खोटे बोलण्याची विद्या नव्हती. त्यांनी दुकानी नेऊन दाखविला. मग गंगम्मांनी कपाळावर हात मारून फर्माविले,

"बर्फात घातलीस व्हय माझ्या सासूला? जित्ती असती तर तुलाबी बसवली असती त्यात!"

संगमेशाने अर्ज केला, "अव्वा, लई मानानं ठिवलंय."

"तू गप रे, कुल्फीवाल्या!"

तो फ्रीझराआड सरला.

मग बाईंनी भिंग गंगम्मांच्या हाती दिले, आणि मेलेला गनीम दाखविला, आणि तो कशातून आला ते हलक्या आवाजात निवेदिले. गंगम्मांनी भिंग डोळ्याशी नेले.

"म्हंजी मीच चारलं व्हय ह्याला?"

बाईंनी होकारार्थी मान हलविली.

"पर माय, हात रिकामा कसा आणू?"

मग बाईंनी आपली ओढणी पसरून पुढे केली. गंगम्मांनी तीत मूठ सोडिली आणि हुकूम केला, "घे. राखतीस तू, तर वटीबी तुझीच. हितून फुडं तिकडं न्हाई टाकायची."

येणेप्रमाणे तह होऊन फत्ते जाहली. बटवा शाबूत, रुमाल संग्रहालयाचे ताब्यात कायम. हुजुरांची अर्धी मिशी कामी आली. आणि तहात मिळालेले तांदूळ बाईंनी संग्रहालयाचा उंबरा न ओलांडविता, त्याच फ्रीझरात, सीताफळाचे पहाऱ्यात, नजरकैदेत ठेविले.