साहेबांचं भाषण आणि अक्कांचा कॅन

"आज गाळा घेतल्याशिवाय मी परत येत नाही!" अक्कांनी सकाळीच ठणकावून सांगितलं.

गावातल्या बायका विषारी फवारण्या न मारता भाजी पिकवत होत्या आणि अक्का त्यांच्या पुढारी. माल झकास, पण दलाल तो सरळ बाकीच्या ढिगात ढकलायचा! मंडईत स्वतःचा गाळा मिळाला की त्याची कटकट कायमची मिटणार होती. गाळे वाटणाऱ्या साहेबांनी आज सगळ्यांना सभागृहात बोलावलं होतं.

नमुना म्हणून अक्कांनी पातळ खताचा कॅन घेतला. शेण, गूळ, कुजका पाला! वास असा, की टेम्पोवाला गाडी सोडून पळायच्या बेतात. मग अक्कांनी झाकण गच्च आवळलं आणि वरून तारही गुंडाळली.

"अक्का, आत गॅस धरेल हं," धाकटी जाऊ म्हणाली.

"आता तू मला शिकव!"

कॅन साहेबांच्या टेबलाशेजारी विराजमान झाला. साहेबांनी माइक धरला, तो सोडेचनात. विषय महिलांचं सक्षमीकरण! इकडे कॅन सूंऽऽ करत गाभण म्हशीसारखा फुगायला लागला. अक्का उठल्या.

"साहेब, जरा..."

"बसा ताई! महिलांना बोलू दिलं पाहिजे, तेच सांगतोय मी!"

"अहो, पण झाकण..."

"अगदी बरोबर! समाजाने तुमच्यावर झाकण घातलंय! ते उडालंच पाहिजे!"

उडालं!

खताचा फवारा थेट छताच्या पंख्यात गेला आणि पंख्याने कसलाही भेदभाव न करता सगळ्यांना वाटप केलं. मागच्या रांगेला वाटलं, हे प्रात्यक्षिकच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या!

अक्का धावल्या आणि साहेबांचा चष्मा पुसू लागल्या. "घाबरू नका साहेब, विषारी नाही! पोटात गेलं तरी काही होत नाही!"

"गेलंय," साहेब पुटपुटले.

बायकांचे चेहरे पडले. गेला गाळा! पण साहेबांनी उभ्या उभ्या सही ठोकली. "गाळा घ्या, पण आधी तो कॅन बाहेर न्या!"

सगळ्याजणी नाचतच मंडईत पोचल्या. गाळा अगदी शेवटच्या कोपऱ्यात निघाला. सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीला भिंत लावून!

शिपायाने नाक दाबून किल्ली दिली. "साहेबांनी बजावलंय, शेजाऱ्यांकडून वासाची एक जरी तक्रार आली, तरी गाळा काढून घेऊ!"