आनी बा, इम इश्ती

हिब्रू ही भाषा अजिबात अवघड नाही, हे हसकेल झिराडकरांनी तिचा एक शब्दही शिकण्याआधी भोरच्या एष्टी स्टँडवर, चहाच्या गाड्यापाशी, चारचौघांत जाहीर करून टाकलं होतं. "वाडवडलांची भाषा हाय आमच्या. रक्तातच हाय. तळाला बसलेली साखर, दुसरं काय? जरा ढवळली की झालं!" असं म्हणून त्यांनी कपातला चहा ढवळूनही दाखवला होता.

ऐकणाऱ्यांत विंझरचे सोनबा होते. सोनबा भजनात पखवाज वाजवत आणि हसकेलराव टाळ धरत. भोर-वेल्ह्यात कुठंही कीर्तन असलं की ही जोडी पहिल्या रांगेत. हसकेलराव बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. शनिवारी मोटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उघडायचे नाहीत, कुणाच्या विहिरीवरची मोटर जळाली तरी. पण बुवांनी आलाप घेतला की त्यांना आपलं-परकं उरत नसे. त्यांचे आजोबा चिपळ्या घेऊन मोशेचं आख्यान मराठीतून लावायचे, तेव्हा कीर्तन हेही रक्तातच होतं. "वर ऐकणारा एकच हाय," ते म्हणत, "आणि त्याला सूर कळतो."

सिनेगॉगातल्या प्रार्थनाही ते अशाच म्हणत. भोरचं सिनेगॉग म्हणजे नदीकडच्या आळीतली एक कौलारू खोली. तिथं हसकेलरावांनी हिब्रू प्रार्थनेला सूर लावला की रस्त्यावरची माणसं थांबत. फक्त त्या प्रार्थनेतल्या एकाही शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. पुस्तक देवनागरीत छापलेलं होतं आणि चाल आजोबांची होती. एवढ्यावर साठ वर्षं सुखात गेली होती.

आता मात्र नड आली होती. त्यांची लेक शेफाली इस्राएलात नर्स होती आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं होतं. मुलाचे वडील, अमराम, भारत बघायला येणार होते आणि त्यातला एक दिवस भोरला, मुलीचं घर बघायला. ते घर बघून होकार देणार होते. मराठीचं नाव नको, इंग्रजीही जेमतेम. शेफालीनं फोनवर बजावून सांगितलं होतं, की बाबा, जास्तीचं काही करू नका, नुसतं हसा आणि जेवायला वाढा. पण लेकीचा बाप नुसता हसतो होय? हसकेलरावांनी तिला शब्द दिला, की व्याह्यांशी मी हिब्रूतच बोलणार. आणि योगही असा, की त्याच महिन्यात सिनेगॉगात मोठ्या माणसांसाठी हिब्रूचा आणि धर्मग्रंथाचा वर्ग निघाला.

शिकवायला पुण्याहून दर रविवारी स्कूटरवरून दानियलसर येत. हिब्रूत शिक्षकाला 'मोरे' म्हणतात, म्हणून त्यांनी फळ्यावर 'मोरे दानियल' असं लिहिलं. ते दारातून वाचून सोनबांनी विचारलं, "ह्ये मोरे कुठलं? जावळीचं का?"

पण तो दुसरा रविवार. पहिल्या रविवारी हसकेलराव वर्गात नव्हतेच. त्या दिवशी गुंजवण्याला सप्ताहाची सांगता होती आणि काल्याच्या कीर्तनाला भलतेच गोड गळ्याचे बुवा आले होते. पहिल्या दिवशी काय, नुसती ओळखपाळख असणार, असा हिशेब करून ते सोनबांच्या मागं मोटरसायकलवर बसून गेले. ओळखपाळखच झाली होती. मी कोण, तू कोण, तो कोण, हे हिब्रूत कसं म्हणायचं, तेवढंच सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

पुढचे रविवार हसकेलरावांनी गाजवले. सरांनी सांगितलं, की शुक्रवारच्या प्रार्थनेतल्या गाण्यात येतो तो 'काला' म्हणजे नवरी. हसकेलराव हात वर करून म्हणाले, की सर, आमच्या गुंजवण्याला काला खातात, दही-लाह्या घालून. वर्ग हसला, सरही हसले. हसकेलरावांना वाटलं, आपण अभ्यासात भर घातली. हळूहळू वारांची नावं आली. 'योम रिशोन' म्हणजे रविवार. 'इम' म्हणजे सोबत. 'आबा' म्हणजे वडील. या 'आबा'नं तर त्यांना इतका आनंद झाला, की घरी जाईपर्यंत वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो सांगितला. भाषा तीच आहे, जरा समुद्रापलीकडं गेल्यामुळं उच्चार खारट झालेत, इतकंच!

अशात शेफालीनं व्याह्यांचा व्हॉइस मेसेज पुढं पाठवला. खाली लिहिलं होतं, 'समजलं का?' हसकेलरावांनी आधी 'पूर्ण समजलं' असं उत्तर धाडलं आणि मग मेसेज ऐकायला घेतला. जाड, प्रेमळ आवाज होता.

"शालोम! आनी अमराम. आनी बा बेयोम रिशोन, इम इश्ती."

त्यांच्या पत्नी रत्नाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचा हात थांबला. "अहो, हे तर मराठीच बोलतायत की!"

"सांगत नव्हतो?" हसकेलरावांनी मेसेज पुन्हा लावला आणि एकेक शब्द वर्गातल्यासारखा सोडवला. शालोम, म्हणजे रामराम. आणि अमराम. आणि बा, म्हणजे त्यांचे वडील. आबाचा लाडानं बा. बेयोम रिशोन, रविवारी. इम, सोबत. सोबत काय? इश्ती. एष्टीसोबत, म्हणजे एष्टीनं.

"अमराम आणि त्यांचा बा, रविवारी, एष्टीनं येतायत," त्यांनी निकाल दिला.

"आणि विहीणबाई?"

"नाव तरी घेतलंय का बाईचं? न्हाई येत त्या."

रत्नाबाईंना हे पटलं नाही. एवढ्या लांबून विमानानं येणारी माणसं स्वारगेटला उभी राहून लाल डब्यात कशाला चढतील? एकदा शेफालीला फोन करून विचारा, असं त्यांनी दोनदा सुचवलं. हसकेलराव दुखावले. पोरीला विचारायचं, तर मग वर्गात जातो कशाला?

आता प्रश्न बाचा होता. व्याहीच साठीचे, म्हणजे बा नव्वदीच्या घरातले. दात नसणार. गुडघे नसणार. आणि झिराडकरांचं घर पडलं उंच जोत्यावर. हसकेलराव कामाला लागले. ओळखीच्या दवाखान्यातून चाकाची खुर्ची आणली. पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार केला, त्यावरून आधी स्वतः खुर्चीत बसून उतरून बघितलं आणि समोरच्या घराच्या तुळशीवृंदावनापाशी जाऊन थांबले. पुढच्या खोलीत खिडकीशी गादी टाकली. बांसाठी मऊ तांदळाचं खिमट करायला सांगितलं, मीठ बेतानं. सोनबा ऐकून म्हणाले, की एवढं जुनं माणूस समुद्र वलांडून येतंय म्हंजे पखवाज पायजेलच. सगळं भजनी मंडळ तयार झालं.

रविवारी सकाळी मंडळ स्टँडवर हजर. हसकेलराव टोपी घालून, हार घेऊन, खुर्चीच्या मागं. स्वारगेटची एष्टी आली. पोती उतरली, बाया उतरल्या, पोरं उतरली. अमराम काही उतरेनात. दुसरी एष्टी आली. तिच्यातून सगळ्यात शेवटी, कंडक्टरच्या हाताला धरून, पांढऱ्याशुभ्र दाढीचे, पांढऱ्या टोपीतले एक आजोबा उतरले आणि कुणीतरी न्यायला येणार असल्यासारखे इकडंतिकडं बघू लागले.

"शालोम!" हसकेलराव म्हणाले.

आजोबांनी मान डोलावली. हार घातला, त्यांनी घालून घेतला. खुर्ची पुढं केली, ते बसले. अमराम कुठं राहिले, हे विचारायला हसकेलरावांपाशी हिब्रू नव्हतं. ते मागच्या गाडीनं येत असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. तोवर सोनबांच्या पखवाजावर थाप पडली होती. हसकेलरावांनी आपल्या आजोबांच्या चालीत प्रार्थना उचलली आणि मिरवणूक भोरच्या बाजारपेठेतून निघाली. दुकानदार गल्ला सोडून बाहेर आले. खुर्चीतले आजोबा सगळ्यांना हात जोडत होते. मधेच ते एकदा वळले आणि कौतुकानं काहीतरी पुटपुटले, पण पखवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. हसकेलरावांना वाटलं, आशीर्वाद असावा.

घरापाशी येऊन बघतात तर दारात पुण्याची भाड्याची गाडी उभी. आणि त्यांनी टाकलेल्या फळ्यांच्या उतारावर एक धिप्पाड गोरा गृहस्थ आणि एक हसऱ्या चेहऱ्याच्या बाई बसून मलिदा खात होते. रत्नाबाई त्यांना गूळ-खोबरं घातलेले ते गोड पोहे तिसऱ्यांदा वाढत होत्या. त्यांना रत्नाबाईंची भाषा येत नव्हती, रत्नाबाईंना त्यांची येत नव्हती आणि तिघांचंही उत्तम चाललं होतं.

मिरवणूक बघून गृहस्थ ताडकन उठले. त्यांनी खुर्चीतल्या आजोबांकडं बोट दाखवलं आणि आदरानं विचारलं, "मी?"

"तुमी न्हवं," हसकेलराव गोंधळून म्हणाले. "ह्ये बा. बा!"

"बा!" गृहस्थांनी आनंदानं मान हलवली. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "आनी अमराम."

"बरोबर! बा आणि अमराम!" हसकेलरावांचा जीव भांड्यात पडला. सगळा हिशेब जुळला होता. फक्त अमराम आपल्याच बाच्या आधी कसे पोचले, आणि या बाई कोण, एवढंच उरत होतं. तेवढ्यात अमरामनी पुढं होऊन आजोबांचा हात कपाळाला लावला आणि "सबा, सबा" म्हणून डोळे पुसले.

पखवाज थांबला. त्या शांततेत आजोबांचा आवाज खणखणीत आला. "भाच्यानं लई खर्च केला. पर कानाचा डागदर कुठं बसतो?"

आजोबा निघाले सारोळ्याचे रखमाजी. कानाचं मशीन बसवायला भोरला आले होते. भाचा स्टँडवर न्यायला येणार होता. हार, पखवाज हे सगळं भाच्यानंच ठरवलं असेल, असं समजून ते गुमान बसले होते. सोनबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन भाच्याचा नंबर विचारला आणि मोबाईल काढला.

त्याच वेळी वर्ग आटोपून दानियलसर स्कूटरवरून आले. रत्नाबाईंनी त्यांच्यापुढं मोबाईल धरला आणि मेसेज लावला. सरांनी तो ऐकला. खुर्चीकडं बघितलं. हाराकडं बघितलं.

"हसकेलराव, पहिल्या रविवारी तुम्ही कुठं होता?"

"गुंजवण्याला. काल्याच्या कीर्तनाला."

"'आनी' म्हणजे मी. 'बा' म्हणजे येतोय. आणि 'इश्ती' म्हणजे माझी बायको. मी अमराम. मी रविवारी बायकोला घेऊन येतोय."

हसकेलरावांनी त्या हसऱ्या बाईंकडं बघितलं. विहीणबाईंची आपण एष्टी केली होती. त्यांना वाटलं, आता त्या उतारावरून खुर्चीत बसून जे सुटावं ते थेट नदीतच.

"आन मग ह्या पाव्हण्यांनी आजोबांकडं बोट दावून 'मी?' म्हनलं, आन हसकेलराव 'बा' म्हनलं, त्यातलं 'मी' म्हंजे काय?" सोनबांनी विचारलं.

"कोण."

"कोण म्हंजे?"

"'मी' म्हणजे कोण. ते विचारत होते, हे आजोबा कोण. 'बा' म्हणजे 'आलाय'सुद्धा, तेव्हा त्यांना वाटलं, घरचं कुणी मोठं माणूस आलंय. त्यांना हे शेफालीचे आजोबा वाटले. हिब्रूत आजोबांना सबा म्हणतात."

सोनबांनी डोळे मिटून मान डोलावली. "मी म्हंजे कोण. आमचं बुवा ह्येच सांगत्यात, पर चार तास घेत्यात."

अमराम सरांना काहीतरी विचारत होते. सर बोलत गेले, तसा अमरामांचा चेहरा बदलत गेला. हसकेलराव खाली बघत उभे होते. लेकीनं फक्त हसायला आणि वाढायला सांगितलं होतं. त्यांनी पखवाज आणला होता. आता होकार कसला! ही माणसं तशीच गाडीत बसतील, आणि पोर तिकडं परमुलखात कुणाला तोंड दाखवणार?

अमराम जिना चढल्यासारखे एकेक पाऊल टाकत त्या फळ्यांवरून वर गेले. खिडकीशी टाकलेली गादी बघितली. खिमटाचं पातेलं बघितलं. खाली आले आणि सावकाश काहीतरी बोलले. दानियलसरांनी ते मराठीत सांगितलं.

"ते म्हणतायत, त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटी त्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या. जिथं जातील तिथं बाहेरच बसायचे. म्हणतायत, मेलेल्या बापासाठी जे घर उतार करून ठेवतं, तिथली मुलगी आम्हाला द्या."

आता हसकेलरावांना मराठीही सुचेना. ते हात जोडून हसले आणि आत जेवायला वाढायला गेले. शेफालीनं सांगितलेलं शेवटी तेवढंच तर होतं. खिमट रखमाजीआबांनी खाल्लं, दोन वेळा मागून. भाचा न्यायला आला तेव्हा ते खुर्चीतून उठायला तयार नव्हते. संध्याकाळी अमरामनी खूण करून गायला सांगितलं, तेव्हा हसकेलरावांनी योसेफाचं आख्यान लावलं. भावांना ओळख पटत नाही आणि योसेफ विचारतो, मी कोण, या ओळीवर ते असे काही रेंगाळले, की विहीणबाईंनी डोळे पुसायला पदर नसल्यामुळं ओढणी मागून घेतली.

पुढच्या रविवारी ते वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसले. हात वर केला नाही. काल्याचं नाव काढलं नाही. साठ वर्षं प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू केलं आणि त्याचा अर्थ आत्ता कळला, या विचारात ते मुकाट होते. दानियलसरांनी पुस्तक उघडलं आणि आज कोण वाचतंय, हे हिब्रूत विचारलं.

"मी कोरे?"

हसकेलराव ताबडतोब उठून उभे राहिले.

"व्हय सर," ते खालमानेनं म्हणाले. "मी कोरा. पार कोरा."