मागच्या चाकावर कोण?

मागच्या चाकाची तार पुन्हा तुटली, तेव्हा नवऱ्याने ते चाक काढून तिच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं आणि म्हणाला, "ऑफिसला जाताना सायकलच्या दुकानात टाकशील? मला आज बाजारात तपासणी आहे."

"तूच का नाही जात? त्याने काही विचारलं तर मला काय कळणार?"

"काही विचारणार नाही तो," नवरा म्हणाला आणि बुटाची नाडी न बांधताच निघून गेला.

ती विमा कंपनीत दावे तपासायची. आग लागलेली गोदामं, चोरीला गेलेले दागिने आणि त्यांचे शोकाकुल मालक यांच्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. सरळ काम असलेला माणूस नाडी बांधून निघतो, एवढं तिला कळत होतं.

दुकानदार किडकिडीत होता. त्याने चाक हातात फिरवलं, तुटलेली तार नखाने हलवून पाहिली.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"साहेब डबलसीट नेतात का कुणाला?"

"त्या सायकलला कॅरिअर कुठंय?"

"दांड्यावर बसवत असतील." तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, चाकं घेताना मी साहेबांना वजन विचारलं होतं. नव्वद म्हणाले. म्हणून ही हलकी चाकं दिली, कमी तारांची. नव्वदला ही चाकं हसत चालतात. पण इथे मधल्या हबपाशी तार तुटलीय, तीही तिसऱ्यांदा. म्हणजे वर पंचवीस-तीस किलो जादा बसतंय. रोज."

"त्यांचं वजनच जास्त असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. साहेब धिप्पाड आहेत. पण वजनमापे खात्यातला माणूस स्वतःचं वजन चुकीचं सांगेल का?"

हे तिलाही पटलं. घरात नव्वद म्हणजे नव्वदच होतं. जो अख्ख्या बाजाराचे काटे तपासतो, त्याचा काटा कोण तपासणार? शिवाय बारा वर्षं रोज समोर असलेल्या माणसाचा घेर कोण बघत बसतं?

ऑफिसात तिने एक फाइल उघडली आणि तासभर तिच्याकडे नुसती बघत राहिली. रोज पहाटेची सायकलवरची लांबलचक रपेट. घरी परतल्यावर घामाघूम झालेला, पण खूश नवरा. आणि बाथरूममधला वजनकाटा. तो "दुरुस्तीला नेलाय" म्हणून गेला, तो आलाच नव्हता.

बाई असेल, असं आधी वाटलं. पण तीस किलोची बाई कुठे असते? तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे पाहिलं. ती इतकी बारीक की खुर्चीत बसली तरी दिसायची नाही, पण तीसुद्धा तीसमध्ये बसली नसती. मग एकाएकी तिला स्वतःची लेक आठवली. ती आठ वर्षांची होती आणि शाळेच्या तपासणीत तिचं वजन सव्वीस भरलं होतं. म्हणजे तीस किलोचं माणूस लेकीपेक्षा मोठं. नऊ-दहा वर्षांचं.

लग्नाला बारा वर्षं झाली होती.

संध्याकाळी लेक शिकवणीला गेल्यावर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात बसवलं. दावेदाराला बसवतात तसं, उजेडाकडे तोंड करून.

"मी सायकलवाल्याशी बोलले," ती म्हणाली.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "काय म्हणाला तो?"

"सगळं. किती दिवस लपवणार होतास?"

तो मान खाली घालून टेबलावर बोट फिरवत राहिला. ती मनात म्हणत होती, नाही म्हण, एकदा तरी नाही म्हण.

"सांगणारच होतो गं. लाज वाटली."

"कधीपासून चाललंय हे?"

"लग्नानंतरच. पहिल्या एक-दोन वर्षांत. आधी माझ्याही लक्षात आलं नाही. मग हळूहळू वाढत गेलं."

"वाढणारच. तीस किलोचं झालं ना आता?"

"अठ्ठावीस," तो पुटपुटला.

"आईंना माहीतेय?"

"आईनेच तर पहिल्यांदा ओळखलं. तिला उलट बरंच वाटलं. म्हणाली, चांगलं बाळसं धरलंय, कुणाची दृष्ट नको लागायला."

सासूबाई सामील होत्या. दर सुट्टीत लाडू पाठवणाऱ्या, फोनवर तिला "माझी गुणाची" म्हणणाऱ्या सासूबाई. तिला आता रडूही येईना.

"आणि त्याला खायला-प्यायला कोण घालतं?"

नवऱ्याने प्रथमच मान वर केली. त्याला प्रश्न नीटसा कळला नसावा.

"तूच की," तो म्हणाला. "पण तुझी काय चूक? दुसऱ्यांदा मीच मागून घेतो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग प्रथमच तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली आली, शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेली आणि तिथेच थांबली.

"अठ्ठावीस किलो... तुझ्या अंगावर?"

"मग कुणाच्या?"

ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसायला काय झालं हे त्याला काही केल्या समजेना, आणि तिने ते त्याला सांगितलंही नाही.

रविवारी दोघं मिळून दुकानात गेली. त्याने खालमानेने कबुली दिली, "एकशे अठरा." दुकानदाराने हलकी चाकं बाजूला केली आणि बत्तीस तारांचं एक चाक समोर धरलं. रिम रुंद होती आणि तारा हाताने ओढून बांधलेल्या, सगळ्यांचा ताण एकसारखा. "यावर रुंद टायर घालू. खड्ड्यातून गेलात तरी वाकणार नाही. थोडं जड आहे, पण तुम्हाला हलक्या चाकाचा काय उपयोग?"

"चालेल," नवरा घाईने म्हणाला.

दुकानदाराने चाक हातातून सोडलं नाही. "एकशे अठरा नक्की ना, साहेब? एकदा फसलोय, म्हणून विचारतो."

नवऱ्याने चाकाकडे पाहिलं, मग छताला टांगलेल्या सायकलींकडे पाहिलं. त्याचे कान लाल होऊ लागले. अशा वेळी बोलायचं नसतं, हे ती पंधरा वर्षांत शिकली होती.

"एकशे चोवीस," तो म्हणाला.

दुकानदार ते चाक घेऊन आत गेला आणि छत्तीस तारांचं घेऊन आला.

तिला खरं तर राग यायला हवा होता. पण सहा किलो लपवताना ज्याचे कान असे लाल होतात, त्याला दहा वर्षांचं मूल लपवणं काय जमणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं. तिने नवऱ्याच्या शर्टाचं सुटू पाहणारं बटण नीट लावलं आणि दुकानदाराला म्हणाली, "पुढचंही तसंच बसवा."