संध्याकाळी फुटलेलं तांबडं

नियमांच्या बाबतीत माझा हात धरेल असा माणूस आमच्या इमारतीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यामुळे गच्चीवर कोंबड्या पाळायचं ठरलं तेव्हा मी पालिकेची नियमावली आणली आणि चहा गार होईपर्यंत वाचली. चार पक्षी चालतील. खुराडं रोज साफ हवं. पहाटे आरवणारा कोंबडा मात्र चालणार नाही.

"झालं तर मग," मी बायकोला म्हणालो, "चारही माद्याच आणायच्या. डोक्याला ताप नाही."

कोंबड्या हव्या होत्या त्या माझ्या सासऱ्यांसाठी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले, ते चावी द्यायची राहून गेलेल्या घड्याळासारखे. खिडकीत बसायचे. काही विचारलं तर "हं" म्हणायचे. पिल्लं आली आणि त्यांचं बोलणं सुरू झालं. आमच्याशी नव्हे, पिल्लांशी. पण घरात त्यांचा आवाज ऐकू आला, यातच आम्ही भरून पावलो.

त्यातलं एक तांबूस पिल्लू त्यांचं फार लाडकं. त्याला ते 'बाई' म्हणत. दुपारभर बाई त्यांच्या मांडीवर आणि त्यांचा हात बाईच्या पाठीवर. ऊन पाण्याच्या टाकीवरून हळूहळू खाली उतरायचं, वाळत घातलेल्या चादरी फुगायच्या, बाकीच्या तिघी कोपऱ्यात आपसांत कुजबुजायच्या. मी सुट्टीच्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून बसलो की मला वाटायचं, जगात कुणालाच कुठे पोचायचं नाहीये.

मग एका पहाटे बाई आरवली.

"अहो," बायको पांघरुणातूनच म्हणाली, "तुमच्या चार माद्यांतली एक घसा साफ करतेय."

"बाईला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल," मी नाश्त्याच्या वेळी सांगितलं. सासरे बशी तशीच ठेवून उठले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. पुन्हा खिडकीत जाऊन बसले. बाई गेली तर हा माणूस परत बोलायचा नाही, हे मला आणि बायकोलाही कळत होतं.

संध्याकाळी ते आपणहून माझ्याकडे आले. "जावईबापू, तो नियम परत वाचा बरं."

"पहाटे आरवणारा कोंबडा पाळू नये."

"पहाटेच ना? मग पहाट पुढे ढकलू. घड्याळ मागेपुढे करता येतं, तर कोंबडा का नाही?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरात घड्याळजी नसावा. सासऱ्यांनी बाईला वेगळा कप्पा केला, त्याला जाड काळा पडदा शिवला आणि पडद्याची दोरी एका जुन्या गजराच्या घड्याळाला जोडली. वेळ झाली की गजराची चावी फिरायची, दोरी ओढली जायची, पडदा वर, उजेड आत, आणि बाई आरवायची. दिवसाचा तुटवडा भरून काढायला रात्री आत एक दिवा.

वेळ मी सुचवली. दुपारी दोन. सगळे कामावर असतात.

सगळे नसतात. आमच्या खालीच राहणारी नर्स रात्रपाळी करून दुपारी झोपते. ती डोळे चोळत वर आली. "काका, राग मानू नका, पण मी तक्रार टाकून आलेय. मला डोळा लागला की तुमचं हे उठतं."

सासऱ्यांनी तिला बसवलं. "पोरी, तू उठतेस कधी?"

"सहाला. म्हणजे उठायला हवं. गजर ऐकूच येत नाही मला."

"आमचा ऐकू येईल," सासरे म्हणाले आणि त्यांनी गजराचा काटा सहावर आणला.

तिची समजूत पटली, पण तक्रार पोचली होती. बुधवारी पालिकेचा तपासनीस आला; मी त्यासाठी रजाच टाकली होती. खांद्याला जड पिशवी, डोळ्यांखाली काळं.

"संध्याकाळी सहाला आरवतो?" तो म्हणाला. "असं कुठे असतं का? मी बसून ऐकणार. पहाटेचा निघाला तर उचलून नेणार."

मी त्याला माझी खुर्ची दिली आणि स्वतः चटईवर टेकलो. थंडीतलं मऊ ऊन होतं. कोंबड्या कुजबुजत होत्या, घड्याळ टिकटिकत होतं. तपासनीसाने आधी बूट सैल केले, मग मान. मी म्हटलं, आपण तरी जागं राहायला हवं. त्यापुढचं मला आठवत नाही.

बाई आरवली तेव्हा आभाळ लालभडक होतं आणि घड्याळात सहा वाजले होते.

"सकाळ झाली?" तपासनीस ताडकन उठला. "रात्रभर इथे होतो मी? घरी काय सांगू?" त्याने कागदावर काहीतरी खरडलं. "पहाटे आरवला. स्वतःच्या कानांनी ऐकलं!" आणि बूट हातात घेऊन तो जिना उतरू लागला.

गेली बाई. आणि माझं ऑफिस? मी न्हाणीघरात घुसलो, ब्रशला पेस्ट लावली, शर्टात एक हात घातला आणि तसाच विनवण्या करत त्याच्यामागे धावलो. खालच्या मजल्यावर दार उघडलं. नर्स जांभई देत उभी होती.

"आलात वाटतं कामावरून?" तक्रारीतली रात्रपाळी आठवून तपासनीस घाईघाईने म्हणाला.

"कामावरून? आत्ता उठतेय. काकांच्या कोंबड्याने उठवलं. बसला अजून वेळ आहे."

तपासनीसाने जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. ते लाल पश्चिमेला होतं, आणि हळूहळू विझत होतं. तो पायरीवर बसला. मग त्याने आधीचं खोडून लिहिलं, 'सायंकाळी आरवतो. नियमभंग नाही.'

"मी झोपलो होतो, ते मात्र..." तो हळूच म्हणाला.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. "मीही झोपलो होतो."

वर आलो तेव्हा सासरे बाईला मांडीवर घेऊन बसले होते. मी कागदावरचा शेरा सांगितला. त्यांनी बाईच्या पाठीवर हात फिरवला, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अर्धा शर्ट, हातात ब्रश. सासूबाई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाईची वेळ लावून झाली," ते म्हणाले. "आता जावईबापू, तुम्हाला उघडून बघतो."

पेस्ट लावलीच होती, म्हणून मी दात घासून घेतले.