आर्लिसने बंदूक साफ केली

हरणांचा मोसम उद्यावर आला होता आणि व्हर्लिनची बंदूक न्हाऊनमाखून लखलखत होती. न्हाऊ घातली होती त्याच्या बायकोने, आर्लिसने, आणि तेही प्रेमाने.

“नळी काढलीस?” व्हर्लिनने खालच्या आवाजात विचारलं.

“न काढता कशी पुसणार? आत केवढी काजळी होती. माणसं घरात घेतील का अशी वस्तू?”

ऐन मोसमात नळीला हात लावायचा नाही, हा व्हर्लिनचा धर्म होता. स्वच्छ नळीच्या पहिल्या काही गोळ्या मनाला येईल तिकडे जातात. काजळी धरली की मग नळी ताळ्यावर येते. त्यातून नळी काढून पुन्हा बसवली, म्हणजे वरची दुर्बीण एकीकडे बघणार आणि नळी दुसरीकडे.

आणि आज दुपारीच आर्लिसच्या भावाशी, लोवेलशी, सामना होता. दरवर्षी गोठ्यामागे गवताच्या भाऱ्यांवर शेजारी शेजारी दोन कागद लावायचे, एकेक गोळी झाडायची. जिंकेल त्याला ओढ्याकाठचं मचाण. हरेल त्याने डुकरांच्या शेडमागे बसायचं, जिथे हरीण चुकूनही फिरकत नाही. यंदा ओढ्यावर बारा टोकांच्या शिंगांचा नर येत होता. त्याची शिंगं दिवाणखान्यात कुठे लावणार, हे व्हर्लिनने पेट्रोलपंपावर अर्ध्या गावाला सांगूनही टाकलं होतं.

तो धावतच गोठ्यामागे गेला. पहिली गोळी डावीकडे वर गेली. त्याने घाईघाईने दुर्बिणीचा स्क्रू फिरवला. तोवर नळीत थोडी काजळी धरली होती, त्यामुळे दुसरी उजवीकडे खाली गेली. पुन्हा स्क्रू, पुन्हा गोळी. थांबावं, नळीला जरा मळू द्यावं, हे त्याला ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असून काय उपयोग? खोक्यात एकच गोळी उरली, तेव्हा लोवेल आला.

तो कामावरून परस्पर आला होता. आपली बंदूक त्याने कालच या घरातल्या कपाटात ठेवली होती, ती घेऊन, भाऱ्यांवर दोन नवे कोरे कागद लावून तो हसत उभा राहिला.

“चल, तू आधी. म्हाताऱ्यांचा मान पहिला.”

व्हर्लिनने श्वास रोखला आणि चाप ओढला. दोघे धावत भाऱ्यांपाशी गेले. व्हर्लिनचा कागद कोरा होता. लोवेलच्या कागदाच्या बरोब्बर मध्यावर भोक पडलं होतं.

“ही माझी गोळी आहे!” व्हर्लिन म्हणाला.

“असेल. पण गेल्या साली भांडण झालं, तेव्हा नियम कोणी केला होता? कागद बोलेल, तोंड नाही.” लोवेलने कागद घडी करून खिशात घातला. “मी कशाला गोळी वाया घालवू? उद्या नरालाच घालतो.”

जेवताना लोवेल शिंगांची मापं सांगत होता. व्हर्लिन ताटातलं चीज घालून भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल नुसतं उकरत होता. आर्लिसला फार वाईट वाटलं. ती त्याच्या कानाशी वाकली.

“रागावू नकोस रे. मी काही दुजाभाव नाही केला. कपाटात लोवेलची पण होती ना, तीही अशीच लखलखीत केलीय. नळी काढून.”

व्हर्लिनचा चमचा थांबला. लोवेलने आज एकही गोळी झाडलेली नव्हती. सांगायला हवं, असं व्हर्लिनला मनापासून वाटलं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

मग त्याला नियम आठवला, आणि त्याने आर्लिसकडे आणखी कॅसरोल मागितलं.