शुभंकरचा हळुवार गजर

"जगातला कर्कश गजर मी कायमचा बंद पाडणार!" शुभंकर वानखडेनं हे जाहीर केलं तेव्हा तो हडपसरच्या खोलीत गादीवर आडवा पडला होता. असल्या घोषणा करायला उठून बसावं लागतं, असं त्याला कधी वाटलंच नाही.

शुभंकर यवतमाळकडचा, पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हुशार होता हो, नाही असं नाही! पण स्वारी कायम तरंगत असायची. सर फळ्याकडे वळले, की हा खिडकीतल्या ढगात बसून निघालाच! अशाने एक विषय बुडाला आणि चार क्रेडिट कमी पडली. ती भरून निघाली नाहीत तर चौथ्या वर्षाला प्रवेश नाही, अख्खं वर्ष घरी. आणि तिकडे वडील, सुदर्शनराव, "पोरगा आता इंजिनेर झालाच समजा" असं गल्लीभर सांगून मोकळे झालेले!

वाट एकच उरली होती. कॉलेजनं नवी सोय केली होती: ओपन सोर्स अ‍ॅपवर काम करा, क्रेडिट मिळवा. म्हणजे असं अ‍ॅप, ज्याचा कोड साऱ्या जगाला उघडा. कोणीही यावं आणि सुधारणा करून पाठवावी. फक्त प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर. मेंटॉरनं "चालेल" म्हटलं तरच सुधारणा आत जाणार, आणि शेवटी मेंटॉर आणि कॉलेजचे सर मिळून परीक्षा घेणार.

शुभंकरनं 'जाग' नावाचं गजराचं अ‍ॅप निवडलं. मेंटॉर निघाल्या शनिवार पेठेतल्या मंदाकिनी आगाशे. सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त झालेल्या, आणि बोलणं असं, की एक शब्द जास्त गेला तर कर भरावा लागेल! पहिलाच व्हिडिओ कॉल झाला.

"नमस्कार मॅडम!"

"मॅडम नको, ताई म्हण. काय करायचंय?"

"ताई, गजर म्हणजे हिंसा आहे! माणूस स्वप्नात मस्त आंब्याखाली बसलेला असतो आणि कोणीतरी कानात ताट बडवतं. माझा गजर म्हणजे आधी तानपुरा. अगदी लांबून आल्यासारखा. मग फोन श्वास ऐकणार. झोप गाढ असली तर थांबणार. झोप सैल झाली, की हळूच सूर वाढवणार..."

"थांबणार म्हणजे किती वेळ?"

"लागेल तितका वेळ, ताई. झोपेला घाई करू नये."

ताईंनी पडद्यावर त्याला निरखून पाहिलं.

"तू कविता करतोस का?"

"नाही ताई, थर्ड इयरला आहे."

"बरं. कोड लिही, आठवडाभर स्वतःवर चाचणी घे, मग बोलू."

कोड झाला आणि चाचणी सुरू झाली. रोज सकाळी सातचा गजर. तानपुरा लागायचा, शुभंकरच्या स्वप्नात विरघळून जायचा, आणि सातच्या सुमाराला गड्याचे डोळे उघडायचे! आता खरी गोष्ट अशी, की त्याच सुमाराला डबेवाल्या मुक्ताबाई जिना चढून यायच्या आणि दारावर डबा आपटून ओरडायच्या, "उठा की वो! पोहे गार झालं!" पण शुभंकरच्या मते जाग यायची ती तानपुऱ्यानंच. मुक्ताबाईंचा आरडाओरडा हा निव्वळ योगायोग! त्यानं ताईंना कळवून टाकलं, "रोज वेळेवर उठलो. मन प्रसन्न!"

"आश्चर्य आहे," ताईंनी उत्तर पाठवलं, आणि नवा गजर स्वतःच्या फोनवर घेतला. कॉलेजचे श्यामसुंदर देवसर तर खूशच झाले. "अरे वा! दुपारी जरा लवंडायला बरं होईल!" म्हणत त्यांनीही घेतला.

परीक्षा ठरली शनिवारी दुपारी चार वाजता, व्हिडिओ कॉलवर. शुभंकर जेवला, साडेतीनचा गजर लावला आणि पडला. आपल्याच गजरावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणाच्या? मुक्ताबाई दुपारी येत नाहीत, ही गोष्ट त्याच्या डोक्यातही आली नाही.

तानपुरा लागला. लांबून, कुठून तरी नदीपलीकडून यावा तसा. शुभंकर एका होडीत बसला होता आणि होडी मुठेतून आपली आपण चालली होती. पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे दिसत होते. खरं तर इथेच त्याला शंका यायला हवी होती! पण दोन्ही काठांवर यवतमाळची कपाशी फुटली होती आणि आई पलीकडून हात हलवत होती. समोर छत्री घेऊन मंदाकिनीताई बसल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "शुभंकर, किती सुंदर काम केलंस रे!" निदान इथे तरी शंका यायला हवी होती की नाही? छे! वरून क्रेडिटं पडत होती. एकेक बोंड, पांढरं, अगदी सावकाश. एक, दोन, तीन. चौथं अलगद खाली येत होतं. त्यानं ओंजळ पुढे केली आणि त्याचा हात भिंतीवर आपटला.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते!

उशाशी तानपुरा इमानेइतबारे चालूच होता. फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता. एकही! म्हणजे दोघंही इतके चिडले, की फोनसुद्धा करावासा वाटला नाही! त्यानं कॉल उघडून पाहिला, तिथे चिटपाखरू नव्हतं. शर्ट उलटा चढवून त्यानं बस पकडली. आता बाबा गल्लीत काय तोंड दाखवतील, हे एकच डोक्यात होतं. बसमध्ये त्याला खरोखर रडू आलं.

शनिवार पेठेत बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. ताईंचे यजमान अनंतराव तोंडावर बोट ठेवून उभे होते.

"काका, ताई फार रागावल्यात का?"

"हळू बोल! झोपलीय ती."

"कधीपासून?"

"जेवल्यापासून! अरे, निवृत्त झाल्यापासून हिला धड झोप नाही. शेजारी मांजर चाललं तरी उठून बसते. आज कुरियरवाला येऊन गेला, समोर ड्रिल चाललंय, ही कुशीवरसुद्धा वळली नाही! तू तिला उठवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

तेवढ्यात शुभंकरचा फोन थरथरला. देवसर! आवाज चोरासारखा बारीक.

"वानखडे, परीक्षा झाली का रे?"

"सर, आपण नव्हता कॉलवर?"

"होतो रे! म्हणजे, नेटवर्क... नेटवर्क नव्हतं." मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, उठलात का? आता चहा टाकू की एकदम जेवायलाच वाढू?"

सरांनी घाईघाईनं फोन ठेवला आणि ताई बाहेर आल्या. गालावर उशीची घडी उमटलेली. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग शुभंकरला पाहिलं.

"परीक्षा?"

"झाली नाही ताई. मी झोपलो होतो. सरांना नेटवर्क नव्हतं."

"आणि आठवडाभर कसा उठत होतास?"

शुभंकर आयुष्यात पहिल्यांदा नीट विचारात पडला. "ताई... तेव्हा डबा यायचा. मुक्ताबाई ओरडायच्या."

"मग अ‍ॅपमध्ये मुक्ताबाईच घ्यायला हव्या होत्या! गजर म्हणून तुला शून्य."

"ताई, वर्ष जाईल माझं!" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ताईंनी जांभई दिली. लांबलचक, तृप्त. "हेच अवघड झालंय. इतकी छान झोपले मी, की शून्य द्यायला जीव होईना." त्यांनी सरांना फोन लावला. "सर, नापास करायचं तर करू. फक्त परीक्षा का झाली नाही, ते आपण दोघांनी कॉलेजला जाऊन सांगायचं."

"अहो, नको नको!" सर घाबरून म्हणाले. "इतकं टोकाला कशाला जायचं? माझ्याकडे आणखी एका विभागाचाही चार्ज आहे. क्रेडिट ते क्रेडिट! मी बघतो."

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या पोर्टलवर निकाल लागला. चार क्रेडिट! पूर्ण चार! शुभंकरनं गादीवर उडीच मारली. मग खालची ओळ वाचली. विषय: योग. प्रात्यक्षिक: शवासन. शेरा: उत्कृष्ट.

तरी त्यानं घरी फोन केलाच. चौथ्या वर्षाला प्रवेश पक्का, म्हणून सांगितलं. क्रेडिट कशाची, हेही सांगून टाकलं. आईनं, विमलाबाईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् हे शिकाले तू पुण्याले गेलता काय रे?" त्या म्हणाल्या. "हे तं तू इथं रोजच करत होता!"