देवचाराकडे ठेवलेला बोनस

बोनसचं पाकीट हातात पडलं तेव्हा लवू परबाला आनंद व्हायच्या आधी घाम फुटला. मुलुंडच्या त्या डबे करणाऱ्या कारखान्यात यंदा बोनस मिळेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाकीचे पेढे मागवायला धावले. लवू संडासात गेला आणि नोटा बनियनच्या आत दडवून बाहेर आला.

गिरण्यांच्या संपात त्याचं काम गेलं होतं. घर चालवताना दोघांचं देणं झालं, वाणी जयंतीभाईंचं आणि चाळीतल्या विद्याधरपंतांचं. शेवटी गावमंडळाच्या नानांनी तोड काढली. लवूने दरमहा हप्ता द्यायचा, व्याज नाही. मात्र बोनस, लॉटरी, आहेर, जे काही अवचित हाती येईल ते नानांपुढे ठेवायचं आणि दोघांनी वाटून घ्यायचं. लपवलं तर खोली विकून सगळं एकदम फेडायचं. खोलीची पावती नानांच्या ट्रंकेत होती.

लवूला खोली हवी होती आणि बायकोसाठी शिवणयंत्रही. संपात ते विकलं, तेव्हापासून सुगंधा गिऱ्हाइकांच्या चोळ्या हाताने शिवायची. तिची बोटं दिसू नयेत म्हणून तो खाली मान घालून जेवायचा.

घरात पैसे ठेवायची सोय नव्हती. सुगंधाला खोटं बोलता येत नसे. कारखान्यामागे नाल्याकाठच्या चिंचेखाली कोकणातल्या कामगारांनी देवचाराचा दगड मांडला होता. गावचा राखणदार, मुंबईत आणून बसवलेला. दिवस कलला की तिकडे कुत्रंही फिरकत नसे. याहून चांगली तिजोरी कुठली? लवूने पिशवी दगडाखालच्या भोकात सरकवली आणि हात जोडले.

दुसऱ्या संध्याकाळी जाऊन चाचपलं तर पिशवी जाग्यावर होती. शेजारी दहाची एक नोट होती. ती त्याची नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी कुंकू लागलेली एक निघाली. उघड्यावर दिसली तर कुणाचा तरी हात पिशवीपर्यंत जाईल, म्हणून त्याने त्या आत कोंबल्या. वारा पडलेला असताना चिंचेची एकच फांदी हलत होती. मानेवर कुणीतरी गार फुंकर घातल्यासारखं वाटलं. पण पैसे सोडून राहवेना. तो रोज जाई, हात जोडी, आणि रोज काहीतरी वाढलेलं असे.

देवचार देतो तेव्हा मागतोही, हे त्याने लहानपणी ऐकलं होतं. काय मागतो ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. लवूला ताप भरला. रात्री बडबडला आणि सकाळी सुगंधाला सगळं कळलं. तिने त्याला पिशवीसकट नानांसमोर नेऊन बसवलं.

नानांनी पंतांना आणि जयंतीभाईंना बोलावून पिशवी सतरंजीवर उलटी केली. लवूने लपवलं म्हणून विद्याधरपंत खोलीच्या विक्रीचं बोलू लागले आणि बोलता बोलता अडकले. समोरच्या नोटेला त्यांनी स्वतः लावलेली चिकटपट्टी होती.

पंत म्हणजे विमा कचेरीतला माणूस, देवाधर्माला थोतांड म्हणणारा. वसुलीसाठी लवूच्या मागावर गेलो तर तो तिथे हात जोडताना दिसला, म्हणजे जागा जागृत असणार, असं मनात आलं म्हणून अधूनमधून नोट ठेवून आलो, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं. मग जयंतीभाईंनीही कुंकवाची नोट आपली असल्याचं कबूल केलं.

"काय मागितलंत?" नानांनी विचारलं.

"लवूकडे अडकलेले पैसे सुटू देत," जयंतीभाई म्हणाले.

"म्हणजे लवूकडून वसुली व्हावी म्हणून तुम्ही लवूलाच पैसे देत होतात," नाना म्हणाले. "हुशार आहात."

तरी पंत हटेनात. करार म्हणजे करार. नानांनी पान तोंडात टाकलं आणि निवाडा दिला. नोटा राखणदाराच्या दगडाखाली राहिल्या. आता त्या कुणाच्या हे देवचारालाच विचारायचं.

तिन्हीसांजेला सगळे चिंचेखाली गेले. सुगंधाही आली. पिशवी दगडावर ठेवून नानांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा, लेकराची चूक झाली आसात तर पदरात घे. ह्यो पैसो कोणाचो, ता तूच सांग. विद्याधरपंतांचो?"

नाल्याचं पाणीसुद्धा गप्प होतं.

"जयंतीभाईंचो?"

काही नाही.

"लवूचो?"

अंधारातून पाल चुकचुकली. स्पष्ट, सावकाश, तीनदा. कौल मिळाला.

जयंतीभाई तेव्हाच रस्त्याला लागले होते. पंतांनी आपला हप्ता सवडीने दिला तरी चालेल असं कुणी न विचारता सांगितलं. नानांनी दोघांनी वाहिलेल्या नोटा दगडापाशीच ठेवल्या, बोनस लवूच्या हातात दिला आणि पावती ट्रंकेतच राहील, खोली विकायची नाही, असं जाहीर केलं.

परतताना सुगंधा कितीतरी दिवसांनी हसली. "छान चुकचुकलात हो. मला वाटायचं, तुम्हांला काही जमत नाही."

लवू थांबला. "मी? माझ्या तोंडाला तर कोरड पडलेली. मला वाटलं, तूच."

सुगंधाने त्याचा हात धरला, आणि चाळ येईपर्यंत सोडला नाही.